सतरा शेकेलांचं खरेदीखत

कर्जत लोकल वांगणी सोडते तेव्हा ठाणे जिल्हा संपतो आणि रायगड सुरू होतो. पुढचं स्टेशन शेलू. एका अंगाला माथेरानची रांग, दुसऱ्या अंगाला उल्हासचं खोरं आणि मधल्या भातखाचरांत आता सिमेंटचे खांब आणि तारांची कुंपणं. रस्त्याच्या कडेला फलक आहेत: एनए प्लॉट, सातबारा नावावर, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. ही दहा मिनिटं कुणाच्या पायांनी मोजली, ते विचारायचं नसतं. बाकी मात्र सगळं विचारून घ्यावं लागतं. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे का? इतर हक्कांत कुळाचं नाव लागलंय का? वकिलाने तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढलाय का? भावकीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्यात, की एखादी लग्न होऊन गेलेली आत्या उद्या हिस्सा मागायला उभी राहणार आहे?

या भागातल्या जमिनीवर नुसत्या बंगलेवाल्यांचीच आशा टांगलेली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर देशोधडीला लागलेल्या मुंबईच्या गिरणी कामगारांना घरं देण्याच्या सरकारी योजनेत शेलू आणि वांगणी ही नावं आली. कामगार आणि त्यांचे वारस ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर जमले ते हे सांगायला, की आमचं घर मुंबईत गेलं, ते मुंबईतच परत मिळालं पाहिजे. कुठेतरी घर मिळणं वेगळं आणि आपलं गेलेलं परत मिळणं वेगळं. हा फरक ज्याला कळतो त्याला हिब्रू संदेष्ट्यांची पुस्तकं समजायला फार वेळ लागू नये, कारण त्या पुस्तकांत ज्याला मुक्ती किंवा उद्धार म्हटलंय त्याचा जन्म ध्यानधारणेत झालेला नाही. तो जमिनीच्या व्यवहारात झाला आहे.

असा एक व्यवहार यिर्मया नावाच्या संदेष्ट्याच्या पुस्तकात बत्तिसाव्या अध्यायात नोंदवलेला आहे. शेलूच्या कुठल्याही एजंटाने तो ऐकला तर कपाळावर हात मारून घेईल.

काळ इसवी सन पूर्व ५८७ च्या आसपासचा. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातलेला. तटाला मातीचे उतार लागलेत, शहरात दुष्काळ आणि रोगराई. यिर्मया राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, कारण शहर पडणार हे तो उघड सांगत सुटला होता आणि कुठल्याही राजाला असं बोलणं खपत नाही. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनमेल तुरुंगात येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू विकत घे, पहिला हक्क तुझा आहे.

अनाथोथ हे यिर्मयाचं गाव, यरुशलेमच्या ईशान्येला पाचेक किलोमीटरवर. शेलूहून नेरळ गाठावं त्याहून थोडंसं लांब. शहराला वेढा पडलेला म्हणजे भोवतालचा मुलूख आधीच शत्रूच्या टाचेखाली. ज्या शेतात पाऊल टाकता येत नाही, ज्यात बाबेली शिपायांची घोडी चरत असतील, ते शेत हा गृहस्थ कैदेतल्या भावाच्या गळ्यात मारायला निघालाय. त्यातही आणखी एक मेख आहे. याच पुस्तकात आधी येऊन गेलंय की अनाथोथच्या माणसांनीच यिर्मयाला ठार मारायचा कट केला होता. भावकी ही भावकीच.

यिर्मया शेत घेतो. सतरा शेकेल चांदी, म्हणजे आजच्या मापाने दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. त्या काळी नाणी रुळलेली नव्हती, म्हणून चांदी तराजूत तोलून दिली जाते. दस्त लिहिला जातो, त्यावर शिक्का बसतो, साक्षीदार सह्या करतात. हे सगळं चौकात बसलेल्या लोकांसमक्ष होतं. मग यिर्मया आपला लेखनिक बारूख याला सांगतो की दस्ताच्या दोन्ही प्रती, मोहोरबंद आणि उघडी, मातीच्या मडक्यात घाल, म्हणजे त्या पुष्कळ काळ टिकतील. या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असा त्यामागचा देवाचा शब्द.

या दोन प्रतींचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. एकाच कागदावर, खरं तर पपायरसवर, तोच मजकूर दोनदा लिहायचा. वरचा भाग गुंडाळून, दोऱ्याने बांधून त्यावर ओल्या मातीचा गोळा दाबायचा आणि मुद्रा उमटवायची. खालचा भाग वाचण्यासाठी मोकळा ठेवायचा. तंटा झालाच तर न्यायाधीशासमोर मोहोर फोडून आतला मजकूर बाहेरच्याशी ताडून पाहायचा. मूळ दस्त कपाटात कुलूपबंद आणि झेरॉक्स पिशवीत, असा आपला जो बंदोबस्त, त्याची ही पणजी. पद्धत टिकलीही शेकडो वर्षं. १९६१ साली यिगाएल यादीन यांना मृत समुद्राजवळच्या गुहेत बबाथा नावाच्या बाईची कातडी पिशवी सापडली. तीत तिच्या खजुराच्या बागांचे आणि कज्ज्यांचे पस्तीस कागद होते आणि त्यांतले कित्येक असेच दुहेरी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमनांविरुद्धचं बंड फसल्यावर ही बाई गुहेत दडली ती आपल्या मालमत्तेचे कागद बरोबर घेऊन.

आणि मातीच्या मोहोरा? १९८२ साली यिगाल शिलो यांच्या चमूला यरुशलेमच्या जुन्या दाविदनगरात एका घराच्या जमिनीवर अशा एक्कावन्न मोहोरा मिळाल्या. एकीवर शाफानाचा मुलगा गमऱ्या याचं नाव आहे. यिर्मयाच्या पुस्तकात बारूख ज्या माणसाच्या दालनात बसून गुरूचं लिखाण मोठ्याने वाचून दाखवतो, त्याचं हेच नाव. बाबेली सैन्याने शहराला लावलेल्या आगीत त्या घरातले कागद जळून गेले आणि त्याच आगीत मातीचे गोळे भाजून पक्के झाले.

यिर्मयाचा व्यवहार पुढे आणखी रंगतो. पैसे देऊन झाल्यावर, मडकं बंद झाल्यावर त्याला घाम फुटतो. लांबलचक प्रार्थना करून तो शेवटी देवालाच विचारतो: शहर तर शत्रूच्या हातात जातंय आणि तू मला साक्षीदार बोलावून शेत विकत घ्यायला सांगतोस? या पुस्तकातला विश्वास असा आहे. आधी हात खिशात जातो, शंका मागून येते, आणि शंका आली म्हणून कोणी रागावत नाही.

हनमेलने वापरलेला हक्क कुठला, ते पाहू. लेवीय नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात कायदा आहे: भाऊबंद गरिबीला आला आणि त्याने जमीन विकली, तर त्याच्या सर्वांत जवळच्या नातेवाइकाने पुढे होऊन ती सोडवावी. कर्जापायी माणसाने स्वतःलाच विकलं असेल तर भाऊ, चुलता, चुलतभाऊ यांनी त्यालाही सोडवावं. या सोडवणाऱ्या नातलगाला हिब्रूत ‘गोएल’ म्हणतात आणि सोडवण्याच्या क्रियेला ‘गेउला’. पुढे जगभरच्या भाषांत ज्याला उद्धार, मुक्ती, तारण म्हणू लागले तो मूळ शब्द हा. सावकाराकडे अडकलेल्या आईच्या पाटल्या थोरल्या मामाने सोडवून आणल्या, असं आपण ज्या सहजपणे म्हणतो त्याच सहजपणे म्हणायचा.

मराठीला इथे एक घबाड आयतं सापडलेलं आहे. बँकेत कर्जाला काय लागतं? तारण. मराठी ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत काय मागतो? तारण. मूळ अर्थ पार नेणं, पण व्यवहारात तो शब्द गहाणवटीच्या वहीत जाऊन बसला आणि देवळातही राहिला. हिब्रू गेउला नेमका याच दोन उंबरठ्यांवर उभा आहे.

त्याच कायद्यात जमीन कायमची विकू नये असं बजावलंय आणि कारण दिलंय की जमीन देवाची, माणसं त्याच्याकडे राहायला आलेली उपरी. रायगडच्या भाषेत सांगायचं तर सगळेच कूळ. ज्या जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ पासून सहा वर्षं नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून कुळांनी शेतं ओस ठेवली पण खोतापुढे मान तुकवली नाही, तिथे हे वाक्य नुसतं धार्मिक म्हणून कानावरून जायला नको. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद महाराष्ट्राने १९७४ च्या कायद्याने केली, तीही याच जातीची गोष्ट. कागद कितीही पक्का असो, काही जमिनी विकल्या गेल्या तरी गेलेल्या नसतात.

माणसांचंही तसंच. कर्जत, खालापूर, पनवेल पट्ट्यातली कातकरी कुटुंबं पावसाळ्याच्या तोंडाशी उचल घेतात आणि भात कापून झालं की ती फेडायला अख्ख्या घरादारासह वीटभट्टीवर जातात. हिशेबाला बसलं की उचल फिटलेली नसतेच. इस्राएल लोकांच्या आठवणीतली गुलामीही विटांचीच आहे. मिसरात त्यांना विटा पाडायला लावलं होतं; मग मातीत मिसळायचा भुसा देणं बंद केलं आणि विटांचा आकडा तोच ठेवला. देव मोशेला म्हणतो की मी यांना सोडवीन, आणि तिथे ‘गोएल’चंच क्रियापद आहे. याचा अर्थ देवाने स्वतःला त्या वीट पाडणाऱ्यांच्या भावकीत घातलं.

संदेष्ट्यांनी केलं ते हेच. त्यांनी वहीतला शब्द उचलला आणि इतका ताणला की त्यात अख्खं राष्ट्र बसावं. होशेय आपल्याला सोडून गेलेल्या बायकोला पंधरा शेकेल चांदी आणि दीड होमर जव मोजून परत आणतो. रोकड कमी पडली म्हणून धान्य जोडलं असावं, असं वाटल्याशिवाय राहत नाही. आमोस हा तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या झाडांची फळं चिरून पिकवणारा. एका जोड्यापायी गरिबाला विकणाऱ्यांवर तो तुटून पडतो. यशया घराला घर आणि शेताला शेत जोडत सुटलेल्यांना विचारतो की दुसऱ्या कुणाला पाय ठेवायला जागाच उरणार नाही, मग तुम्ही एकटेच राहणार का देशात? हे वाक्य शेलूच्या फाट्यावर लावलं तर फलकवाल्यांना आवडायचं नाही.

यशयाच्या पुस्तकाचा उत्तरार्ध बाबेलात कैदेत असलेल्यांसाठी आहे. चाळिसाव्या अध्यायापासून पुढे तेरा वेळा देवाला ‘गोएल’ म्हटलं आहे. ही माणसं पन्नासेक वर्षं परक्या मुलखात होती. मंदिर जळलेलं, राजघराणं संपलेलं. त्यांना सांगितलं गेलं की तुमचा जवळचा नातलग जिवंत आहे आणि तो येतोय. बाबेल खरंच इसवी सन पूर्व ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजाने घेतलं. १८७९ साली बाबेलच्या अवशेषांत सापडलेला त्याचा मातीचा दंडगोल आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हलवलेल्या देवमूर्ती आणि माणसं आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचं तो सांगतो. यहुद्यांचं नाव त्यावर नाही. कोरेशाच्या लेखी ते अनेकांतले एक होते.

मोक्ष या शब्दावर वाढलेल्या वाचकाला इथे जरा थबकायला होतं. आपल्याकडे मुक्ती म्हणजे येरझारीतून सुटका, पुन्हा जन्म नको. यशया-यिर्मयाला पुन्हा सगळं हवं आहे: शेत, मळा, विहीर, रस्त्यात खेळणारी पोरं, लग्नाची वाजंत्री. दोन्ही मागण्यांना एकच मराठी शब्द वापरला की घोटाळा होतो, आणि भाषांतरकारांना याचा त्रास झालेला आहे. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या वारल्या. पुस्तक १९२४ साली बाहेर पडलं, आणि छापखान्यात खिळे जुळवणारे हातही आश्रमातल्याच बायकांचे होते. त्यांच्या संस्थेचं नाव मुक्ती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी जी शेकडो मुलं-बायका उचलून आणली, त्यांच्यासाठी त्या शब्दाचा अर्थ जेवण, छप्पर आणि शिकवलेलं काम असा होता. यशयाला तो अर्थ लगेच पटला असता.

पण रायगडात ही पुस्तकं भाषांतरातून आली नाहीत. त्यांचे वारस आधीच इथे होते.

परंपरा सांगते ती अशी: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. वाहून आलेल्या प्रेतांना नवगावलाच माती दिली. वाचलेले गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. गावावरून आडनावं पडली: किहीमचे केहिमकर, अष्टमीचे अष्टमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर. हेच बेने इस्राएल. त्यांच्यापैकीच एक, हाईम सॅम्युएल केहिमकर, यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून ठेवला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये.

त्यांच्याकडे ग्रंथ उरले नव्हते. उरलं होतं ते पोटाने आणि अंगाने लक्षात ठेवलेलं. सुंता, शनिवार, ‘शमा’ हे एक प्रार्थनावाक्य आणि काही सण-उपास, तेही मराठी नावांनी. यरुशलेमचं मंदिर जळल्याच्या दिवसाचा जो उपास जगभरचे यहुदी पाळतात, त्याला इथे नाव होतं बिरड्याचा रोजा. उपास सोडताना वालाचं बिरडं. यिर्मयाने जी आग डोळ्यांनी पाहिली तिचं दुःख रायगडात, रात्रभर भिजवून मोड आणून सोललेल्या कडव्या वालांवर टिकून राहिलं. रोजा शब्द शेजारच्या मोहल्ल्यातून आलेला, बिरडं स्वतःच्या परसातलं आणि शोक बाबेलच्या वेढ्याचा. शोकसभेचे ठराव करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पुढे कोचीनहून यहुदी शिक्षक आले आणि विसरलेल्या गोष्टी पुन्हा शिकवू लागले. मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. हेतू धर्मप्रसाराचा होता. समाजाने व्याकरण घेतलं, धर्म आपलाच ठेवला. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या सणाच्या, रात्री वाचायचा हग्गादा हिब्रू-मराठीत शिळाछापावर निघाला. १८७४ च्या पुण्याच्या आवृत्तीतल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साडीत आहेत. १८८० च्या आसपास या मंडळींनी शेजारच्या हरिदासांचं पाहून योसेफ, मोशे, एलीया यांची मराठी कीर्तनं रचली, पूर्वरंग-उत्तररंगासकट.

संदेष्ट्यांपैकी रायगडाने सर्वांत जवळ घेतला तो एलीया. बेने इस्राएलांचा एलियाहू हनाबी. हिब्रू ग्रंथात तो मरत नाही. अग्नीच्या रथातून वर जातो. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका कातळावर खुणा आहेत. त्या त्याच्या रथाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या, असं लोक मानतात, म्हणून जागेचं नाव ‘एलियाहू हनाबीचा टापा’. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात शिरताना, परदेशी निघताना मलिदा होतो. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा. भोवती पाच प्रकारची फळं, खजूर, वर गुलाबाची फुलं आणि सब्जाच्या काड्या. हिब्रू प्रार्थना म्हटल्या जातात, एलियाहूचं गाणं होतं आणि मग प्रत्येकाच्या हातावर मूठभर मलिदा. वास असा सुटतो की शेजारच्या घरातली मुलं न बोलावता येतात, आणि त्यांना परत पाठवत नाहीत.

एलीयाच का? मलाखीच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी येतं की तो मोठा दिवस येण्यापूर्वी एलीयाला पाठवलं जाईल. सुटकेची बातमी घेऊन येणारा तो. पण त्याची आणखी एक ओळख शेलूकडच्या वाचकाला जास्त भिडावी. अहाब राजाला वाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. बदली चांगला मळा देतो नाहीतर रोख मोल घे, असं राजा म्हणाला. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. राणी ईजबेलने दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी ठेचून मारवलं आणि राजा ताबा घ्यायला निघाला. मळ्याच्या बांधावर त्याला आडवा आला तो एलीया.

सुटकेची एक गोष्ट या समाजाच्या स्वतःच्या घरातलीही आहे. सॅम्युएल एझिकेल दिवेकर, मराठीत सामाजी हसाजी, हा कंपनीच्या पलटणीतला देशी अंमलदार टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. सुटलो तर मुंबईत प्रार्थनास्थळ बांधीन, असं तो बोलला होता म्हणतात. सुटकेबद्दल समाजात असं सांगतात की बेने इस्राएल हे नाव ऐकून टिपूच्या आईने रदबदली केली. खरं-खोटं टिपूच्या आईला ठाऊक; १७९६ साली मांडवीत सिनेगॉग मात्र उभं राहिलं. नाव शआर हारहमीम, दयेचं दार. लोक त्याला मशीद म्हणत आणि कर्जत लोकल सीएसएमटीला पोहोचण्याआधी लागणारं मस्जिद स्टेशन त्यावरूनच पडलं असं सांगितलं जातं. मग रेवदंडा, अलिबाग, आणि माथेरानच्या डोंगरापलीकडे पनवेल इथेही सिनेगॉगं झाली. पनवेलचं बेथ एल १८४९ चं.

दर शनिवारी तोराहच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या, पाठाला जोडून संदेष्ट्यांतला एक उतारा वाचायची जुनी रीत आहे. ज्या शनिवारी लेवीयातला जमीन सोडवण्याचा कायदा वाचायचा, त्या शनिवारी जोडीला यिर्मयाचं खरेदीखत येतं. बिरड्याच्या रोजापूर्वी तीन शनिवार खडसावणारे उतारे, आणि नंतर ओळीने सात शनिवार यशयातलं सांत्वन. ज्याने हा क्रम लावला त्याला दुःख किती दिवसांत उतरतं याचा अंदाज असला पाहिजे.

त्या वाचनाला सगळे ‘आमेन’ म्हणतात. आमेन आणि विश्वासासाठीचा हिब्रू शब्द ‘एमुना’ एकाच धातूतले. एमुनाचा अर्थ मत नव्हे, पक्केपणा. लढाईत मोशेचे हात भरून आले तेव्हा दोघांनी दोन बाजूंनी ते धरून ठेवले आणि सूर्य मावळेपर्यंत ते स्थिर राहिले. त्या स्थिर हातांसाठी हाच शब्द आहे. आपल्याकडे भिस्त म्हणतात ते याच्या जवळ जातं. कुणावर भिस्त ठेवायची यावर संदेष्टे सतत भांडतात. यशया म्हणतो, मिसरच्या घोड्यांवर नको. यिर्मया तर मंदिराच्या दारात उभा राहून सांगतो की मंदिर, मंदिर, मंदिर असा घोष करून काही वाचायचं नाही. परक्याला, पोरक्याला, विधवेला छळणं आधी थांबवा. धर्माच्या नावाने निर्धास्त झालेल्यांना इतकं झोंबणारं धर्मग्रंथातच असावं, हे विशेष.

१९४८ नंतर रायगडातली घरं एकेक करून बंद झाली. वीसेक हजारांच्या समाजातले बहुतेक इस्राएलला गेले; संदेष्ट्यांनी सांगितलेलं परतणं हेच, अशी अनेकांची भावना होती. तिथे त्यांना दिमोना, बेरशेबा, लोद अशा गावांत नवी घरं मिळाली आणि एक जुना प्रश्नही मिळाला. तुम्ही खरे यहुदी कशावरून? त्यांच्या लग्नांसाठी मुख्य रब्बींच्या कार्यालयाने वेगळी चौकशी लावली. १९६४ च्या उन्हाळ्यात कोकणातून गेलेली ही माणसं यरुशलेममध्ये धरण्याला बसली आणि त्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत. घरी परतलेल्यांनाही घराचा उतारा दाखवावा लागला, तो असा. पुढे तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघू लागलं आणि मलिद्याच्या ताटातले पोहे समुद्रापार गेले. इकडे उरलेल्या थोड्या हजारांना महाराष्ट्राने २०१६ साली अल्पसंख्याक दर्जा दिला. खंडाळ्याच्या टाप्यावर नवस फेडायला आता परदेशातूनही बसगाड्या भरून माणसं येतात.

राहिला यिर्मया. त्याला आपल्या शेताचा ताबा कधी मिळाला नाही. शहर पडल्यावर उरलेल्या लोकांनी त्याला त्याच्या मनाविरुद्ध मिसरात नेलं, आणि पुस्तकात तो तिथून परत येत नाही. बारूखही त्याच्याबरोबर गेला. मडक्याचा उल्लेख पुन्हा कुठेच नाही.

एज्राच्या पुस्तकात बाबेलहून परतलेल्यांची एक यादी आहे. तलाठ्याने लिहावी तशी कोरडी. गावाचं नाव, पुढे डोकी. बेथलेहेमचे १२३. नटोफाचे ५६. त्याखालची नोंद: अनाथोथचे, १२८.